रथामागं त्रेचाळीस

वारीत सेवेला जाते म्हटलं की लोकांना वाटतं पाणी वाटायचं, पाय चेपायचे, फोटो काढायचे. माझी ड्युटी मात्र पंढरपुरात हरवले-सापडले कक्षात असायची, म्हणजे एक मांडव, दोन टेबलं, एक माइक आणि एक जाडजूड रजिस्टर. एकादशीला दर्शन तर सोडाच, कळसाकडे मान वर करून बघायला पण वेळ मिळत नाही. आणि आमच्या टेबलावर तरी पोरांपेक्षा म्हातारी माणसंच जास्त यायची.

2022 ची आषाढी, 10 जुलै. आधीची दोन वर्षं कोरोनामुळे पायी वारी बंद होती, पादुका एसटीने आल्या होत्या, त्यामुळे त्या वर्षी लोक नुसते तुटून पडले होते. अकराच्या सुमारास एका पोलीस ताईंनी वाळवंटातून एक आजी आणून बसवल्या. हिरवं नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, हातात पिळून घडी घातलेलं ओलं लुगडं. चंद्रभागेत आंघोळ करून वर आल्या आणि मालक गायब. मोबाइल मालकांकडे, दिंडीचं ओळखपत्र पिशवीत आणि पिशवी पण मालकांकडेच.

दिंडीचा नंबर मात्र तोंडपाठ. "रथामागं त्रेचाळीस."

मला वाटलं काम झालं, पण गोची इथेच होती. दिंड्यांचे नंबर पालखीच्या रथापुढे अमुक, रथामागे तमुक असे असतात, आणि रथामागे त्रेचाळीस माऊलींच्याही सोहळ्यात आणि तुकोबांच्याही. म्हणून विचारलं, आजी पालखी कोणती? "महाराजांची." अहो सगळ्याच महाराजांच्या की! बरं मालकांचं नाव काय? तर पदर तोंडाला. "ते कसं घ्यावं बाई. ज्यांच्यासंगं चालत आलो त्यांचंच हाय, घ्या समजून."

मग मी माझी हुशारी काढली. म्हटलं, नीरेत पादुकांचं स्नान बघितलंत का? "बघितलं की, डोळं भरून." घाट चढलात? "चढलो की, फुगड्या खेळत." बस, नीरा स्नान आणि दिवे घाट, म्हणजे माऊली, म्हणजे मालक ज्ञानेश्वर, मी रजिस्टरमध्ये लिहिलंसुद्धा आणि माइक घेतला, "ज्ञानेश्वर महाराज पालखी सोहळा, रथामागे दिंडी क्रमांक त्रेचाळीस, ज्ञानेश्वर, आपण जिथे असाल तिथून कक्षाजवळ या, आपली माणसं आपली वाट बघताहेत."

तासाभरात चार ज्ञानेश्वर आले. आमच्या आजींचा त्यात एकही नाही. त्यातले एक तर स्वतःच हरवलेले होते, नाव ऐकून आले बिचारे, त्यांची पण नोंद केली.

फोन लागतच नव्हते, एकादशीला नेटवर्क मानच टाकतं. शेवटी आमच्यातला एक पोरगा गर्दीतून वाट काढत नदीपलीकडे 65 एकर नावाच्या वारकऱ्यांच्या तळावर गेला, माऊलींची त्रेचाळीस नंबर दिंडी शोधली आणि दोन तासांनी घामाघूम होऊन परत आला. "ताई, ते म्हणतात आमच्यातलं कुणी हरवलेलंच नाही." मला तर त्याच्याकडे बघवेना.

आजी तोवर गप्प बसून. उपासाची खिचडी दिली तर हात लावला नाही, "त्यांनी खाल्लं नसंल." केळं दिलं ते पदरात बांधून ठेवलं.

आमच्यात एक रिटायर्ड एसटी कंडक्टर काका होते, बरीच वर्षं सेवेला येणारे. जेवणाची सुट्टी संपवून आले, रजिस्टर वाचलं आणि आजींसमोर उकिडवे बसून एकच प्रश्न विचारला. "आजी, मेंढ्या पळताना बघितल्या का?"

आजींचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "बघितल्या की! रथाभोवती कशा पळत्यात!"

काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण. ते तुकोबांच्या पालखीला असतं. आणि नीरा? तुकोबांच्या पादुकांचं पण नीरा स्नान होतं, सराटीला. घाट? त्यांच्या वाटेवर रोटी घाट आहे. माझे दोन्ही प्रश्न दोन्हीकडे लागू पडणारे होते, आणि आजींनी एकही उत्तर चुकीचं दिलं नव्हतं. पालखीचं नाव का सांगत नव्हत्या तेही आत्ता कळलं, मालकांचंच नाव तुकाराम!

मी म्हटलं, अहो पण वाटभर ज्ञानबा-तुकाराम म्हणता ना? तर म्हणाल्या, "भजनात चालतंय की. तू मालकांचं विचारतीस."

पोरगा पुन्हा निघाला, ह्या वेळी मी पण त्याच्याबरोबर, लाज म्हणून. पाचच्या आसपास आजोबांना घेऊन आलो, ते सकाळपासून घाटावर दोन फेऱ्या मारून, आवाज बसवून राहुटीत येऊन बसले होते. आमचा नियम असा की माणूस ताब्यात द्यायच्या आधी घ्यायला आलेल्याने खूण सांगायची, आणि हरवलेल्याला तोवर मांडवात मागे बसवायचं. काकांनी विचारलं, "बाबा, लुगडं कोणत्या रंगाचं?"

आजोबा विचारात. "लुगडं... निळं आसंल. का जांभळं?"

मागून आवाज आला, "हिरवं! दिवाळीला तुम्हीच घेतलंय न्हवं!"

काकांनी हसत अंगठ्याचं पॅड पुढे केलं. आजींनी पदराची गाठ सोडली, केळं पार काळं पडलं होतं, ते त्यांच्या हातात दिलं आणि पहिला प्रश्न, "पिशवी कुठाय?"