आधी माहिती, मग मत

१७ मे

आजच्याच तारखेला, १९९० साली, जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीतून समलैंगिकता काढली. आपल्याकडे प्रौढांच्या संमतीने असलेले समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ ला, त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सुटले. १ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. कागदावरून आजार गेला, गुन्हाही गेला. घरातली भीती मात्र आहे तिथेच आहे.

ती कमी कशी होते, याचा विचार करताना मला मद्रास उच्च न्यायालयातलं २०२१ चं प्रकरण आठवतं. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून चेन्नईला आल्या. दोघींच्या घरच्यांनी मुलगी बेपत्ता असल्याची तक्रार दिली, पोलिस मागे लागले, म्हणून त्या संरक्षण मागायला कोर्टात गेल्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आदेशातच लिहून टाकलं की हा विषय आपल्याला पुरता कळलेला नाही. मग ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे वेळ घेऊन बसले, समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा समाजातल्या माणसांशी बोलले. आईवडिलांनाही समुपदेशनाला पाठवलं. तिथे पालक विरघळले वगैरे काही झालं नाही. लोक काय म्हणतील ही त्यांची धास्ती कायम होती, आणि मुलींनी हे नातं ठेवण्यापेक्षा अविवाहित, ब्रह्मचारी राहिलेलं त्यांना चाललं असतं. एका बैठकीत मत पालटेल अशी आशा धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

७ जूनच्या आदेशात पोलिसांसाठी नेमकी पद्धत घालून दिली: बेपत्ता म्हणून शोधलेली माणसं सज्ञान असतील आणि स्वखुशीने एकत्र राहत असतील, तर जबाब नोंदवून तक्रार बंद करायची, त्रास द्यायचा नाही. लैंगिक कल 'बदलून देण्याच्या' उपचारांना मनाई केली. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये डॉक्टरांचं नियमन करणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

आपल्या घरांत मुळात क्रमच उलटा असतो. मत आधीच तयार, माहिती कधीतरी नंतर. मुलाने आपण समलिंगी असल्याचं सांगितल्यावर पहिली वाक्यं ठरलेली असतात: 'कोणी बिघडवलं तुला?', 'लग्न झालं की होईल सगळं नीट.' पहिल्या वाक्याने मूल गप्प होतं. दुसऱ्याने एका परक्या मुलीचं आयुष्यही त्यात ओढलं जातं, आणि फसवणुकीचा दोष शेवटी मुलावरच येतो. त्या दिवशी काही ठरवायचं नसतं. 'सांगितलंस ते बरं केलंस' एवढं म्हणावं आणि विचारावं की आणखी कोणाकोणाला माहीत आहे. हा प्रश्न कामाचा आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आईने विश्वासाने मावशीला सांगितल्यामुळे. मावशीकडून ते गावाला कळतं. मुलाला न विचारता कोणालाही सांगू नये, अगदी आजीलासुद्धा. मोबाईल काढून घेऊ नये. बऱ्याचदा आधार देणारी एकमेव मैत्रीण त्यातच असते.

डॉक्टरकडे जायला हरकत नाही, पण मुलाला झोप लागत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्यासाठी. पालकांनी स्वतःच्या घालमेलीसाठी तर आधी जावं. वेळ घेतानाच फोनवर विचारावं: 'समलिंगी कल बदलता येतो असं तुम्ही मानता का?' 'प्रयत्न करून बघू' असं उत्तर आलं की फोन ठेवावा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो की समाजाच्या नैतिक वा धार्मिक समजुतींशी पटत नाही एवढ्यावरून कोणी मनोरुग्ण ठरत नाही. तरीही कोणी गोळ्या, शॉक, संमोहन सुचवलं तर चिठ्ठी, पावती, मेसेज जपून ठेवावेत आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करावी. आयोगाचा तो नियम फक्त नोंदणीकृत डॉक्टरांना लागू आहे. गल्लीतला 'समुपदेशक', अंगारा देणारा बाबा, 'गुप्तरोग'वाला त्यात येत नाही, आणि घाबरलेले आईबाप आधी नेमके तिथेच जातात.