तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रा चावतो तो जातीमुळे की मालकामुळे?

कुत्र्यांना शिकवायचं काम करते असं सांगितलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं. चावणारा पिटबुल असेल तर जात वाईट, आपला स्वतःचा असेल तर समोरच्यानेच काहीतरी केलं असणार.

माझ्या डाव्या अंगठ्याखाली एक व्रण आहे. तो एका सोनेरी कॉकर स्पॅनिएलचा. लांब कान, पाणीदार डोळे, एकदम लाघवी. त्याने मोजा पळवला होता आणि मी तो ओढायला गेले. तो आधी जागच्या जागी ताठ झाला, मग गुरगुरला. हीच लक्षणं मी रोज लोकांना दाखवते, तरीही हात पुढे गेलाच. घरची माणसं रडवेली होऊन विचारत होती, "आमचं काय चुकलं हो?"

गंमत म्हणजे याच जातीत एकरंगी सोनेरी कुत्री बहुरंगी कुत्र्यांपेक्षा जास्त चिडकी असतात, असं अभ्यासात आढळलंय. म्हणजे जात एक, पण घराणी वेगळी. लोक गल्लत करतात ती इथेच. 2022 साली अमेरिकेत 18 हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होत होता, आणि चटकन बिथरण्याचा तर जातीशी फारच थोडा संबंध दिसला.

मग सगळा दोष मालकाचा? तसंही नाही. सायबेरियात 1959 पासून कोल्ह्यांची निवडून पैदास केली गेली. एका घराण्यात शांत कोल्हे निवडले, दुसऱ्यात अंगावर येणारे. अंगावर येणाऱ्यांची पिल्लं शांत मादीजवळ वाढवली तरी ती मोठेपणी आक्रमकच निघाली. खाण तशी माती. म्हणून पिल्लू घेताना मी जातीचं नाव कमी आणि त्याची आई जास्त बघते. आई दाखवायला टाळाटाळ झाली की तिथून परत फिरायचं.

मोठ्या जातींचा बोलबाला होतो तो जबड्यामुळे. बुटका, छोटासा डॅशहुंड चावला तर लोक हसतात. मोठ्या कुत्र्याच्या चाव्याला टाके पडतात.

मालकाचा हात खरा दिसतो तो दोन ठिकाणी. पहिलं, पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना त्याने माणसं, मुलं, आवाज, गाड्या काय काय पाहिलं. दुसरं, आणि माझा जीव इथेच तुटतो, गुरगुरल्याबद्दल दिलेला मार. 2009 च्या एका अभ्यासात मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी 43 टक्क्यांच्या कुत्र्यांनी उलट आक्रमण केलं होतं. उरलेली गप्प बसतात, पण ती सुधारली असं समजू नका. गुरगुरणं म्हणजे "दूर हो, मला भीती वाटतेय." ते मारून बंद केलं की पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावतो. मग मालक म्हणतात, "काही कारण नसताना चावला!"

आणि शांत कुत्रा एकाएकी चावरा झाला तर माझ्याआधी डॉक्टरकडे न्या. दुखरा कान, दुखरं कंबरडं यापायी कितीतरी कुत्री उगाच बदनाम झालीत.

तो कॉकर अजून त्याच घरात आहे. मोजे अजूनही पळवतो. आता कोणी ओढत नाही, दोन पावलांवर खाऊ टाकतात. तो मोजा सोडून खाऊकडे जातो.