एक नोंद, एकदाच : आमची वाटचाल

पंपांची दुरुस्ती आणि त्यांच्या सुट्या भागांचा पुरवठा हा आमचा व्यवसाय. आम्ही दोघांनी तो सुरू केला तेव्हा एक वही पुरत होती. कोणाचा पंप दुरुस्तीला आला, त्यात कोणते बेअरिंग बसवले, कोणते सील बदलले, बिल किती झाले आणि पैसे आले की नाहीत, हे सगळे एकाच पानावर एकाखाली एक लिहिलेले असे, आणि ते पान उघडले की व्यवहाराची सगळी हकिगत डोळ्यांसमोर उभी राहत असे. पुढे माणसे वाढली, कामे वाटली गेली, आणि त्यांच्याबरोबर ती वहीही वाटली गेली. स्टोअरचे रजिस्टर वेगळे झाले, कोटेशनचे तक्ते वेगळे झाले, हिशेबाचे सॉफ्टवेअर वेगळे, वर्कशॉपमधला फळा वेगळा, आणि ग्राहकांशी झालेले बोलणे ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहू लागले. व्यवसाय वाढल्याचीच ही खूण आहे, असे आम्हाला बरीच वर्षे वाटत होते. प्रत्यक्षात आम्ही एकच व्यवहार पाच ठिकाणी लिहीत होतो, आणि पाचही ठिकाणी तो थोडा थोडा वेगळा होत होता.

याची पुरेशी जाणीव आम्हाला एका मेकॅनिकल सीलने, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याजवळून गळती होऊ नये म्हणून बसवायच्या भागाने, करून दिली. एका जुन्या ग्राहकाचा पंप गळू लागला आणि त्यांनी सकाळी फोन करून विशिष्ट मापाचे सील आहे का, असे विचारले. विक्री पाहणाऱ्या सहकाऱ्याने तक्ता उघडला, शिल्लक १ दिसली, आणि त्याने माणूस पाठवा असे सांगितले. ते सील मात्र त्याच सकाळी वर्कशॉपने दुसऱ्या पंपासाठी नेले होते. तशी चिठ्ठीही स्टोअरच्या कप्प्यात रीतसर ठेवलेली होती, आणि दिवसभराच्या चिठ्ठ्या संध्याकाळी तक्त्यात चढवायच्या, हा आमचा नियमच होता. ग्राहकाचा माणूस येऊन रिकाम्या हातांनी परत गेला. नवे सील मागवून पोहोचेपर्यंत त्यांचे काम ४ दिवस बंद राहिले. ते आम्हाला एका शब्दानेही बोलले नाहीत. फक्त पुढच्या वेळी त्यांनी आमच्याकडे दर विचारला नाही. चूक कोणाची, हे शोधायला आम्ही बसलो तेव्हा प्रत्येकाने आपले काम नेमून दिल्याप्रमाणे केलेले आढळले. दोष सकाळची घटना आणि संध्याकाळची नोंद यांच्यामधल्या अंतराचा होता, आणि ते अंतर आम्हीच आखून दिलेले होते.

त्या दिवसापासून व्यवसायवाढीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. मोठी ऑर्डर आली की आनंदाआधी धास्ती वाटत असे, कारण प्रत्येक नव्या ग्राहकामागे फोन, चिठ्ठ्या आणि संध्याकाळचा ताळमेळ वाढत होता. दोन माणसे वाढवली तर त्यातले एक जवळजवळ पूर्णपणे नोंदी इकडून तिकडे उतरवण्यात गुंतत असे. लहान व्यवसाय भांडवलाअभावी किंवा ग्राहकांअभावी अडतो असे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरेही आहे; पण कामे हातात असूनही तो अडू शकतो, कारण मालकाच्या डोक्यात मावेल तेवढाच तो वाढतो. स्टॉकची खरी स्थिती, उधारीची खरी स्थिती आणि दिलेल्या शब्दांची यादी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी माहीत असलेला माणूस आमच्याकडे एकच होता, आणि तो आजारी पडला की कोटेशन जाणे थांबत असे.

हिशेबाच्या इतिहासाची मला आवड आहे, म्हणून इथे थोडे मागे जातो. लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या गणितग्रंथात व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याची पद्धत, सविस्तर मांडली, तेव्हा तिच्यात तीन वह्या होत्या : घडेल तसे टिपून ठेवण्याची कच्ची वही, तारखेप्रमाणे लिहायची रोजकीर्द आणि खात्याप्रमाणे लिहायची खतावणी. म्हणजे प्रत्येक व्यवहार एकातून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत उतरवला जात असे. कागदावर याला पर्याय नव्हता, कारण एकच पान तारखेप्रमाणेही आणि खात्याप्रमाणेही लावता येत नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना माहितीसाठ्याची जी संबंधाधारित रचना मांडली, तिने ही अडचण मुळातूनच सोडवली : माहिती एकदाच साठवायची आणि हवी त्या अंगाने पाहायची. गंमत वाटावी इतकी ही गोष्ट साधी आहे, तरीही आमच्याकडे उत्तम संगणक असूनही आम्ही पाचोलींच्या काळातली उतरवाउतरवच करीत होतो, कारण आमची सॉफ्टवेअरे एकमेकांशी बोलत नव्हती.

खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकाच व्यवस्थेत गुंफणाऱ्या प्रणालींना १९९० साली गार्टनर या संस्थेने ईआरपी हे नाव दिले, पण त्या काळी त्या मोठ्या कारखान्यांनाच परवडत. स्वतःचे सर्व्हर, ते सांभाळणारी माणसे आणि महिनोन्‌महिने चालणारी उभारणी हे सगळे त्यात आले. सॉफ्टवेअर ब्राउझरमधून वापरायचे आणि वर्गणी भरत राहायचे, ही पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ होत गेली; १९९९ साली सुरू झालेली सेल्सफोर्स ही तिच्या आरंभीच्या कंपन्यांपैकी एक. आमच्यासारख्यांना दार उघडले ते या पद्धतीने, कारण दहा माणसांच्या व्यवसायाला दहा माणसांपुरतीच वर्गणी द्यावी लागते.

आमच्यासमोर दोन वाटा होत्या. विक्री, स्टॉक, खरेदी, हिशेब आणि सेवा या सगळ्यांचे एकाच कंपनीचे एकत्रित सॉफ्टवेअर घ्यायचे, किंवा प्रत्येक कामासाठी त्या त्या कामात उत्तम असलेले साधन निवडून ती एपीआयने जोडायची. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला ठरलेल्या पद्धतीने माहिती मागण्याची आणि देण्याची सोय. दुसरी वाट आकर्षक वाटते, पण प्रत्येक जोड हा एक सांधा असतो आणि सांध्याची देखभाल कोणीतरी करावी लागते. आम्ही स्टॉक, विक्री, खरेदी आणि हिशेब एकाच छत्राखाली आणले, आणि वर्कशॉपच्या कामांचे नियोजन तेवढे वेगळ्या साधनात ठेवून जोडले. ज्यांच्याकडे संगणकाचा जाणकार पूर्णवेळ नाही, त्यांनी जोड शक्य तितके कमी ठेवावेत, असे माझे अनुभवान्ती ठाम मत झाले आहे.

खरे काम मात्र सॉफ्टवेअर घेण्याच्या आधीच होते, आणि त्याबद्दल आम्हाला कोणी बजावले नव्हते. आम्ही सर्व तक्त्यांमधली मालाची नावे एकत्र केली, तेव्हा एकच बेअरिंग सात नावांनी नांदत असल्याचे दिसले. ६२०५ हा बेअरिंगचा क्रमांक आहे. त्यातल्या शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की आतल्या छिद्राचा व्यास मिळतो, म्हणजे २५ मिलिमीटर. पण याच ६२०५ ला दोन्ही बाजूंनी रबरी सील असले तर ते टूआरएस, दोन्ही बाजूंनी धातूची झाकणे असली तर झेडझेड, आणि आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त असली तर पुढे सी३. आमच्याकडे कोणी ‘६२०५ रबर’ लिहीत असे, कोणी ‘६२०५ सीलवाले’, कोणी ‘२५ चे बेअरिंग’, आणि ‘पंचवीसचे’ म्हटले की ६३०५ देखील त्यात येते, कारण त्याचेही छिद्र २५ मिलिमीटरचेच, फक्त बाहेरचा व्यास ५२ ऐवजी ६२ असतो. अशी माहिती तशीच नव्या प्रणालीत ओतली असती, तर चुका तेवढ्याच राहिल्या असत्या आणि त्या फक्त अधिक वेगाने सगळीकडे पोहोचल्या असत्या.

स्टोअर सांभाळणारे आमचे काका या कामात सर्वांत पुढे होते. या बदलाला विरोध होईल तो त्यांच्याकडूनच, असा माझा अंदाज होता आणि तो सपशेल चुकला. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, “नाव कोणतंही ठेवा, पण कप्प्यावर आणि पडद्यावर एकच असू द्या.” पुढचे सहा आठवडे, काम सांभाळून, आम्ही एकेक कप्पा रिकामा केला, माल मोजला, क्रमांक वाचला, एक संकेतांक ठरवला आणि त्याची चिठ्ठी कप्प्यावर चिकटवली. ग्राहकांच्या यादीचेही तेच झाले. एकाच ग्राहकाची तीन खाती निघाली, आणि त्यांपैकी एका खात्यावर अनेक महिने आगाऊ जमा असलेली रक्कम दुसऱ्या खात्यावरच्या थकबाकीसाठी आम्ही मागत होतो.

माहिती नव्या प्रणालीत भरताना एक चूक झाली, ती इतरांना उपयोगी पडावी म्हणून सांगतो. आमचे संकेतांक पाच अंकी होते, ००४१७ असे. तक्ता सीएसव्ही फाइल म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर म्हणून, साठवला आणि तपासण्यासाठी पुन्हा एक्सेलमध्ये उघडला, तेव्हा त्याने ते आकडे समजून सुरुवातीची शून्ये काढून टाकली आणि ४१७ उरले. कप्प्यावर एक, पडद्यावर दुसरे. तक्ता हे विचार करण्याचे आणि आकडेमोडीचे उत्तम साधन आहे, पण दोन व्यवस्थांमधली नळी म्हणून ते विश्वासाचे नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोनाच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, त्यालाही जुन्या एक्सेल फाइलीची ६५,५३६ ओळींची मर्यादा कारण ठरली होती. आम्ही संकेतांकांचा रकाना मजकूर म्हणून आणून सगळी आयात पुन्हा केली आणि संकेतांकाच्या आरंभी एक अक्षर जोडले, जेणेकरून कोणतेही सॉफ्टवेअर त्याला आकडा समजणार नाही.

दुसरा धडा वर्कशॉपच्या जोडणीने दिला. इंटरनेट मध्येच तुटले, पाठवलेल्या नोंदीची पोच आली नाही, म्हणून वर्कशॉपच्या साधनाने तीच नोंद पुन्हा पाठवली, आणि एका दुरुस्तीची दोन बिले तयार झाली. तेव्हापासून प्रत्येक कामाला स्वतःचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाचे बिल आधीच असेल तर प्रणाली दुसरे बनवत नाही. माहिती किती वेळाने पुढे जावी, हेही आम्ही विचारपूर्वक ठरवले. स्टॉकची नोंद त्याच क्षणी गेली पाहिजे, कारण तासाभराचा उशीरसुद्धा त्या सीलची गोष्ट पुन्हा घडवू शकतो. बँकेच्या नोंदींचा ताळमेळ मात्र रात्री एकदा झाला तरी काही बिघडत नाही. सुरुवातीचा एक महिना आम्ही जुनी आणि नवी व्यवस्था शेजारी शेजारी चालवली. सगळ्यांना तो जड गेला, पण दोन्हीकडची शिल्लक जुळल्यावरच जुने रजिस्टर बंद झाले आणि म्हणूनच नव्या आकड्यांवर माणसांचा विश्वास बसला.

आज कोटेशन मंजूर झाले की तोच मजकूर ऑर्डर होतो, ऑर्डरमधून माल पाठवण्याचे चलन आणि चलनातून बिल तयार होते. मध्ये कोणी काही पुन्हा टाइप करीत नाही. पडद्यावर स्टॉकचे दोन आकडे दिसतात, एक हाती असलेल्या मालाचा आणि दुसरा देता येण्याजोग्या मालाचा, म्हणजे कोणाला शब्द दिलेले नग वजा करून उरलेला. मला विचाराल तर या संपूर्ण खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट हा दुसरा आकडा आहे. मागणी केव्हा नोंदवायची, हेही आता अंदाजावर राहिलेले नाही : एखादे बेअरिंग दिवसाला सरासरी २ खपत असेल आणि पुरवठादाराकडून यायला १५ दिवस लागत असतील, तर ३० नग त्या काळात लागणार, आणि खबरदारीचे १० धरले तर शिल्लक ४० वर येताच प्रणाली सूचना देते. उधारी ३०, ६० आणि ९० दिवसांच्या गटांत रोज समोर दिसते, त्यामुळे वसुलीचा फोन तिसाव्या दिवसानंतर लगेच आणि शांतपणे करता येतो. नव्वदाव्या दिवशी करावा लागणारा फोन कोणालाच नको असतो.

वाढ म्हणून विचाराल, तर आमच्या हाती लागलेली मोठी गोष्ट वार्षिक देखभालीच्या करारांची. पूर्वी असे करार आम्ही टाळत होतो, कारण कोणत्या पंपात कोणते सील केव्हा बसवले, हे शोधायलाच अर्धा दिवस जात असे. आता प्रत्येक पंपाला क्रमांक आहे आणि त्याखाली आमच्या हातून झालेली प्रत्येक दुरुस्ती आपोआप जमा होते, कारण बिल बनते तिथूनच ती येते. एखादा पंप दर काही महिन्यांनी तेच बेअरिंग खात असेल, तर दोष बेअरिंगमध्ये नसून शाफ्टच्या, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याच्या, जुळणीत असावा, असे आम्ही ग्राहकाला नोंदी दाखवून सांगू शकतो. दुसरे स्टोअर उघडण्याचे धाडसही याच आधारावर झाले.

काही पथ्ये आम्ही कटाक्षाने पाळतो. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे आहे, दोन टप्प्यांची पडताळणी सर्वांना सक्तीची आहे, आणि दर बदलण्याचा अधिकार दोघांनाच आहे. सर्व माहितीची प्रत दर आठवड्याला उतरवून आम्ही स्वतःकडे ठेवतो. माहिती आपली आहे, मग उद्या प्रणाली बदलावीशी वाटली तर ती सोबत नेता येईल का, हा प्रश्न आम्ही वर्गणी भरण्याआधीच विचारला होता.

सध्या तंत्रज्ञांनी ग्राहकाकडे जाऊन केलेले काम तिथूनच फोनवर नोंदवण्याची तयारी चालू आहे. पंपांवर क्यूआर संकेताच्या धातूच्या पट्ट्या लावायच्या आहेत, आणि तेल व उष्णता यांत त्या वाचता येतील अशा टिकाव्यात म्हणून काका दोन प्रकारच्या पट्ट्या वर्कशॉपमधल्या चालू पंपांवर लावून दर सोमवारी तपासत आहेत.