आता गोळ्या फुकट मिळतात, मग त्रास कसला?

एचआयव्ही असलेल्यांना औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरवर मी समुपदेशक आहे म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘आता तर रोज एकच गोळी, तीही फुकट. मग या बायकांना त्रास कसला?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

गोळीने जगवलं, यात शंकाच नाही. १ एप्रिल २००४ पासून ही औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागली. आता टीएलडी नावाची गोळी असते, तिच्या एकीतच तीन औषधं असतात. नेमाने घेतली तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका उतरतो, की तपासणीत विषाणू सापडत नाही आणि शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. हे सांगताना मला आजही भरून येतं.

पण गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एक ताई डोळ्यांसमोरून जात नाहीत. रिपोर्ट उत्तम होता. बाटली हातात पडताच त्यांनी नखाने लेबल खरवडलं, पिशवीतून कापूस काढला आणि तीस गोळ्यांवर दाबून बसवला. म्हणाल्या, ‘एस्टीत खुळखुळतं ना, मॅडम.’ मग कानाशी धरून हलवून पाहिली. घरी ती तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी. नवरा या आजारानेच गेला, पण जावेला ते ठाऊक नाही. जवळचं सेंटर सोडून त्या शेजारच्या जिल्ह्यात येतात. एक दिवसाची मजुरी बुडते.

जागतिक आरोग्य संघटनेची एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी ३१ प्रश्नांची प्रश्नावली आहे. झोप लागते का, गरजेपुरता पैसा आहे का, लोक दोष देतात त्याचा त्रास होतो का, पुढची भीती वाटते का, असं ती विचारते. मी ते बोलता बोलताच काढते. झोपेचं विचारल्यावर ताई म्हणाल्या, ‘डबा कुणी उघडला तर? म्हणून जाग येते.’

या बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सहापट. ताई त्या तपासणीलाही गेल्या नव्हत्या, कारण तिथेही आधी सांगावं लागणार.

एचआयव्ही असलेल्यांच्या हक्कांचा २०१७ चा कायदा त्यांना समजावला. तो २०१८ पासून लागू आहे, राहत्या घरातून कुणी बाहेर काढू शकत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मॅडम, चूल एकच आहे आमची.’

तुमची तयारी होईल तेव्हा जावेला घेऊन या, मी बोलते, असं सांगून ठेवलंय. अजून त्या एकट्याच येतात. कापूस आता मीच टेबलाच्या खणात ठेवते.