तीन झाडे हेरली, एकच आणले: बोन्सायसाठी खडकाळ उतारावरची खोदणी

उतारावर तीन पानझडी झाडे आधीच हेरून ठेवली होती. त्यातले एक आणले, दुसरे अर्धे खोदून जागेवरच ठेवले, तिसऱ्याला करवत लावलीच नाही. जमीनमालकाची परवानगी लेखी घेतलेली होती. राखीव जंगलात हा उद्योग करू नये.

हंगाम कळ्या फुगलेल्या, पण अजून न उघडलेल्या असा धरला. वड-उंबरासारखी झाडे मात्र गरम, वाढीच्या दिवसांत काढावीत. सामान थोडके: कुदळ, छोटी पहार, मुळांची कात्री, गोणपाट, सुतळी, पाण्याचा फवारा आणि दोन करवती, कारण खड्यांवर घासून एकीचे दात लवकर बोथटतात.

खोदण्याआधी बुंध्याभोवतीची माती बोटांनी उकरून पाहावी. तिसऱ्या झाडाचे खोड सगळ्यांत वळणदार, पण खडकाच्या भेगेत शिरलेले एकच सोटमूळ, बुंध्याजवळ तंतुमूळ औषधालाही नाही. असली झाडे खोडाच्या मोहाने उपटली जातात आणि वाळतात. माती परत लोटून दिली.

दुसऱ्याची तंतुमुळे एकाच बाजूला होती. उरलेल्या बाजूला अर्धगोल चर खणून जाड मुळे तोडली आणि चर जाड वाळू व पालापाचोळ्याच्या खताने भरला. तिथे बारीक मुळे फुटायला वर्षभर द्यावे लागते.

पहिल्याचा बुंधा 8 सेंमी जाड. त्यापासून 25 सेंमी अंतरावर गोल चर, 30 सेंमी खोल. जाड मुळे करवतीनेच कापावीत. पहारीने उचकटली तर साल सोलते आणि तिथूनच कूज चढते. खोड हलवल्यावर मातीचा गोळा एकसंध हलला, की तो ओल्या गोणपाटात गच्च आवळायचा. गोळा फुटला तर मातीबरोबर तंतुमुळेही तुटतात. उघड्या गाडीतला वारा उन्हाइतकाच वाईट.

लागवड त्याच दिवशी. सोटमूळ बुंध्याखाली 5 सेंमीवर कापले, खाली जाणारी मुळे आखडली, चहूकडे आडवी पसरलेली राखली. करवतीचे काप धारदार सुरीने गुळगुळीत केले. पानझडी झाडाची बरीचशी जुनी माती काढता येते. सूचिपर्णी झाडाची सगळी कधीच काढू नये, तिच्यात मुळांची साथीदार बुरशी असते. पेटी मुळांपुरतीच, मिश्रण 3 ते 6 मिमी दाण्याच्या प्युमिसचे (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), धूळ चाळून टाकलेली. झाड पेटीला तारेने घट्ट बांधले. ते डुलत राहिले तर नवी मुळे तुटत राहतात.

पहिली पालवी साठवलेल्या अन्नावर येते. ती पाहून हुरळून खत घातले, की पंधरवड्यात पाने माना टाकतात. खत दुसऱ्या पालवीनंतर. पुढची मूळछाटणी दोन वर्षे तरी नाही.

दुसऱ्या झाडाचा उरलेला अर्धा चर पुढच्या वर्षी याच सुमाराला. खूण म्हणून शेजारी दगडांची साधी रास ठेवली आहे. रंगीत दोरी बांधली असती, तर आधी दुसऱ्याच कुणाची कुदळ पोचली असती.