पियानो ट्रिओ रेकॉर्ड करताना चेलो बुडतो कुठे?

जर्मन संगीतकार मेंडेल्सनच्या डी मायनर ट्रिओची (पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तिघांची रचना; ओपस ४९, १८३९) सुरुवातच चेलोने होते. वर चेलोची लांबलचक धून आणि खाली ठोका चुकवत पडणारे पियानोचे कॉर्ड. म्हणजे पहिल्याच पानावर रेकॉर्डिंगवाल्याची परीक्षा. त्यात संगीतकार मित्र फर्डिनांड हिलरच्या आग्रहावरून मेंडेल्सनने पियानोचा भाग नव्याने लिहून आणखी भरगच्च केला. तेव्हाचे पियानोही आजच्या ग्रँड पियानोपेक्षा हलक्या आवाजाचे होते. चेलो बुडतो तो इथेच. मिक्सिंगमध्ये फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) चढवून तो वर येत नाही, कारण त्याच्या माइकमध्ये पियानोही तितकाच शिरलेला असतो.

म्हणून आधी बैठक ठरवा. पियानोचं झाकण अर्ध्या काठीवर ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याने पियानोची वरची झळाळी जाते, खालचा गडगडाट तसाच राहतो आणि चेलोची जागा नेमकी तीच. झाकण पूर्ण उघडंच ठेवा. व्हायोलिन कीबोर्डच्या बाजूला, चेलो पियानोच्या वळणासमोर, पण वळणात घुसवून नको; मीटर-दीड मीटर पुढे ओढा. तिघांची नजरानजर मात्र झालीच पाहिजे, नाहीतर शेवटच्या भागातले वेग सांभाळता येत नाहीत.

आपल्याकडची बहुतेक स्टेजं लाकडी आणि आतून पोकळ. चेलोची खुंटी (खाली जमिनीवर टेकणारा दांडा) फळीच्या मध्यावर टेकली की एखादाच खालचा स्वर भसकन फुगतो. वादकाला दोष देण्याआधी खुर्ची फूटभर सरकवून खुंटी तुळईवर आणा. तरी नाही भागलं तर खाली जाड फळी आणि रबर घाला.

मुख्य जोडी म्हणून दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारे) माइक: मध्ये १७ सेंमी, कोन ११० अंश, उंची साधारण अडीच मीटर, वादकांपासून दोन मीटर. चेलो कमी वाटला तर आधी ही जोडी १५-२० सेंमी त्याच्याकडे सरकवा. चेलोचा जवळचा माइक ७० सेंमीवरून घोडीकडे (तारा पेलणाऱ्या लाकडी पुलाकडे) रोखलेला, मिक्समध्ये मुख्य जोडीच्या ८-१० डेसिबल खाली. हा माइक आणि मुख्य जोडी यांच्या अंतरातल्या दर मीटरमागे त्याला सुमारे ३ मिलिसेकंद उशीर द्या. नाही दिला तर कानाला चेलो पुढे उडी मारल्यासारखा वाटतो. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, आणि मीटरवरची सर्वोच्च पातळी उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

कोल्हापुरात खरी डोकेदुखी हवामानाची आणि रस्त्याची. पावसाळ्यात दमटपणाने पियानोचा साउंडबोर्ड (तारांखालची लाकडी फळी) फुगतो, मधल्या सप्तकाची पट्टी चढते. वर पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाच्या आवाजाने विषयच संपला. फेब्रुवारी बरा, पण तो गळीत हंगाम. उसाचे ट्रॅक्टर टेप लावून जातात आणि त्यांचा बेस भिंतीतून आत येतो. रात्री अकरानंतरचीच वेळ धरा.

ग्रँड पुण्या-मुंबईहून आणणार असाल तर उतरवल्यावर किमान एक दिवस त्याच हॉलमध्ये राहू द्या, मगच ट्यूनिंग. त्यावेळी दिवे लावलेले आणि पंखे-एसी रेकॉर्डिंगच्या वेळी असतील तसेच हवेत. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात. गार हॉलमध्ये लावलेला पियानो तासाभरात व्हायोलिनशी भांडू लागतो. पट्टी (मधल्या 'ए' स्वराची कंपनसंख्या) ४४० की ४४२ हर्ट्झ हे वादकांशी आधीच ठरवा. ट्यूनर रात्रभर थांबला तर उत्तम, पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

प्रत्येक भाग आधी सलग दोनदा घ्या, मग तुकडे. तुकडा हव्या त्या मात्रेपासून नको, आठ-दहा मात्रा आधीपासून वाजवून घ्या, म्हणजे पेडलमधली आधीची गुंज जोडात तुटत नाही. स्केर्त्झो (वेगवान तिसरा भाग) सगळ्यात आधी उरका. तो पियानोवादकाची बोटं खातो, आणि पहाटे दोनला ती बोटं कुणाची चालत नाहीत.