तुला बरं आहे

खंडेनवमी, रात्री

"तुला बरं आहे गं." दादा एवढंच म्हणाला. टोमणा नव्हता, फोन ठेवता ठेवता माणूस काहीतरी बोलतो तसं. आणि मी मात्र तेव्हापासून भांडी लावताना, बँकेत पासबुकांच्या रांगेपुढं, रंकाळ्यावरनं गाडी काढताना, एकटीच त्याच्याशी भांडतेय.

पूर्ण वाक्य असं होतं, की तुला बरं आहे गं, तुझा पहिला बाण गेला तरी मागं एकाहत्तर असतात.

अरे पण त्या एकाहत्तरांचीच तर मारामारी असते! ५० मीटर, ८० सेंटीमीटरचा कागद, त्यात दहाचं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटर, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. सहा-सहा बाण, असं बारा वेळा, आणि कंपाउंडमध्ये, म्हणजे आमच्या चाकांच्या धनुष्यात, सगळेच दहा-नऊ मारत असतात त्यामुळं एखादा आठ पडला की आपलं नाव यादीत कुठं सरकतं ते बघायला जाववत नाही. आणि हा काय करतो, तर तिकडं मिशिगनात, हरणाच्या शिकारीची तयारी म्हणून, २० यार्डावर, म्हणजे आमचे ते १८ मीटर, जेवणाची कागदी प्लेट टांगतो. आठ इंची. हरणाचं काळीज-फुफ्फुस साधारण तेवढ्यात येतं म्हणून तिकडं सगळे प्लेटवरच सराव करतात म्हणे. आठ इंच म्हणजे २० सेंटीमीटर. माझ्या आठच्या वर्तुळात त्याची अख्खी प्लेट बसून वर जागा उरते. आणि मला म्हणतोय बरं आहे.

आणि हे कुणी म्हणावं, तर ज्याचं धनुष्य मी इथं बसून लावून दिलं त्यानं. तिकडं दुकानात लावून मिळतं की सगळं, पण नाही, "तायडे तूच बघ." उन्हाळ्यापासनं चाललंय. त्याची सकाळ, आमची संध्याकाळ, कुकरची शिट्टी इकडं आणि तिकडं हा गॅरेजमध्ये फ्रेमला कागद लावून बाण मारतोय आणि फाटलेलं भोक कॅमेऱ्यापुढं धरतोय. बाणाच्या शेपटाकडनं कागद वर फाटत होता. म्हणलं रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो आधार, किंचित वर घे, किंचित म्हणजे मिलिमीटरभर, तर यानं पाना घेऊन असा फिरवला की पुढचा बाण खाली फाटला. मग डी-लूप, दोरीवरचा ओढायचा फास. मग पीप, म्हणजे दोरीतलं नेम धरायचं भोक, डोळ्यापुढं येईना म्हणून मान वाकडी करून बघायचा, त्याला आधी डोळे मिटून ओढायला लावलं आणि ओढून झाल्यावर डोळे उघड म्हणलं, तेव्हा कुठं पीपची जागा मिळाली. वर ७० पाउंड ठेवलेले, मर्दपणा! ओढताना धनुष्य आभाळाकडं जायचं. म्हणलं दादा, आमच्यात स्पर्धेला ६० च्या वर परवानगीच नाही आणि त्यावरच जग जिंकतात, तू झाडावर थंडीत दोन-तीन तास गप्प बसून मग ओढणार आहेस, हात आखडलेले असतील, कमी कर. लिंबचे, म्हणजे धनुष्याच्या बाहूंचे, बोल्ट सैल करायला लावले, दोन्हीकडं सारखे. कुरकुर केली पण ऐकलं.

आणि शेवटी ते शिकारीचं पातं. सरावाचं टोक १०० ग्रेनचं, पातंही १०० ग्रेनचं, वजन तेच, तरी बाण चार बोटं बाजूला. याला वाटलं पाती खराब निघाली. पात्याला पुढं वारा लागतो, सेटिंगमध्ये जी बारीक चूक साध्या टोकाला लपते ती पातं चव्हाट्यावर आणतं, हे त्याला समजावता समजावता माझी पोळी करपली. शेवटी रेस्ट अगदी केसभर सरकवली तेव्हा दोन्ही बाण एका जागी आले. नाचला गॅरेजमध्ये. मग म्हणाला, तुला बरं आहे गं.

क्लबवर तरी वेगळं काय. पोरं येतात, "ताई जरा पीप बघा की, फिरतंय." "ताई नॉक घट्ट बसतंय." "ताई, बाबांनी विचारलंय कुठला बाण घेऊ." २०२३ ला साताऱ्याची आदिती स्वामी १७ व्या वर्षी बर्लिनमधनं वर्ल्ड चॅम्पियन होऊन आली तेव्हापासनं पोरं वाढलीत, त्यात आता २०२८ च्या ऑलिंपिकला कंपाउंडची मिक्स टीम येणार म्हणून आईबाप पण जोरात आहेत. चांगलंच आहे. पण "ताई, तुमचे किती पडले?" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. नातेवाइकांत तर त्याहून आनंद. स्वप्नील कुसाळेचं नेमबाजीतलं पॅरिसचं मेडल आल्यापासनं प्रत्येक लग्नात कोणीतरी विचारतंच, "मग तू रायफल का नाही गं घेतलीस?" चाळिशीत बाई शनिवार-रविवार कळंब्याच्या पुढं रानात जाऊन कागदाला भोकं पाडते. पाडू दे. बरं आहे तिचं.

हां, तर तेच. बरं आहे म्हणजे नक्की काय बरं आहे?

त्याचा एक नियम आहे, कुठनं शिकला कोण जाणे. कामावर जायच्या आधी एक बाण. हात गरम न करता, जाड जॅकेट घालून, गॅलरीच्या कठड्यावरनं कंबरेत वाकून, एकच. मग धनुष्य आत. लागला तर लागला, नाही लागला तर दिवसभर तेच डोक्यात घेऊन फिरायचं. कारण झाडावर सराव नसतो. आम्हाला स्पर्धेत आधी सरावाचे बाण देतात, साईट हलवून घ्या, वारा बघून घ्या, मग भोंगा वाजतो आणि मोजायचं सुरू होतं. आणि लागल्यावर? मी लगेच स्कोपला डोळा लावते. तो म्हणे बाण सुटल्यावर अर्धा तास जागचा हलणार नाही. जनावर पळालं तरी मागं जायचं नाही, बसून राहायचं. अर्धा तास! कुठं लागलाय ते माहीत नाही आणि बसून राहायचं. मला नाही जमणार.

म्हणून मी पण केलं. कुणाला न सांगता, बँकेच्या आधी, अंगात रेनकोट तसाच, पोरीच्या वाढदिवसाच्या उरलेल्या प्लेटींतली एक लावली. खांदे फिरवले नाहीत, काही नाही. ओढला. आणि साईटचा ठिपका प्लेटीच्या खाली जाऊन जो उभा राहिला तो वर येईचना. इतक्या वर्षांत १८ मीटरवर मला असं झालेलं नाही. मागं बटाच्या, बाण अडवणाऱ्या गादीच्या, पलीकडं ऊस उभा आहे, त्यात गेलेला बाण तोड झाल्याशिवाय दिसत नाही, ते एक डोक्यात. सुटला शेवटी. प्लेटीच्या कडेला लागला. आत, पण कडेला. कागदाच्या हिशोबात काही बिघडलं नाही. दादाच्या हिशोबात तो कुठं लागला ते मला कळतं, अशा बाणानं जनावर पडत नाही, पळतं, आणि मग... जाऊ दे.

दुसरा मारला. बरोब्बर मध्ये. इतका राग आला मला त्या दुसऱ्या बाणाचा.

दादा बरोबर होता असं मला अजूनही म्हणायचं नाही. प्लेट मोठीच आहे. पण मी एवढी भांडतेय ती प्लेटीच्या मापावरनं नाही हे मलाही कळतंय. माझ्या बाणानं कुणाचं काही बिघडत नाही, कुणाचं काही घडतही नाही. हे बरं आहे?

आज धनुष्य पाटावर ठेवलं होतं, विळी, कात्री, ह्यांचा पाना-पेटी, पोरीचा लॅपटॉप, सगळ्यांच्या रांगेत. आईला आधीच सांगितलं, दोरीला आणि पीपला कुंकू नको, कॅमच्या चाकांना लाव वाटल्यास. तिनं झेंडूची माळ स्टॅबिलायझरच्या पुढच्या दांडीला घातली. मग विचारते, "तो खरंच हरीण मारणार? आपल्यात चालतं?" म्हणलं आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, तिकडं लायसन काढून मारतात, मिशिगनात १ ऑक्टोबरपासनं धनुष्यवाल्यांना, बंदूकवाल्यांना नंतर, १५ नोव्हेंबरला. "आणि खातात?" खातात. "मग ठीक आहे," म्हणाली आणि कुंकवाची बोटं पदराला पुसली. काळविटावर सोडायला दरबारात चित्ते पाळणारं गाव आपलं, न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेले वाघ बघायला शाळेची सहल नेतात, आणि घरी रविवारी तांबडा-पांढरा. मी काय बोलणार. पहिल्यांदा त्याच्या हातात ते पातं बघितलं तेव्हा पोटात जे झालं त्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही. आजही नको.

त्याची पहाट म्हणजे आपली संध्याकाळ, तेव्हा तो झाडावर होता. साडेसातला आरतीत फोन थरथरला, मी घंटा पोरीकडं दिली आणि पळाले. काय, तर खार. लई खारी दिसल्या म्हणे, आणि पाय बधिर झाले. बाण भात्यातच. मला एवढं हलकं वाटलं की लाजच वाटली, हरणासाठी की सेटिंगसाठी कुणास ठाऊक. वर लिहिलंय, "पीप परत फिरतंय गं, उद्या कॉल करू?" उद्या दसरा आहे माणसा, दसरा चौकात सोनं लुटायचं की तुझं पीप बघायचं! नवीन दोरी ताणत असणार, दुसरं काय. दोरीच्या एका टोकाला अर्धा पीळ देऊन बघ म्हणून लिहिलं. नाही जमलं तर रात्री कर.

असू दे. आहे मी सेटिंगवाली बाई. फुकट आहे, घरपोच आहे, मिशिगनपर्यंत सेवा आहे.

स्कोअरच्या वहीत डावीकडं एक नवीन रकाना आखलाय, सरावाच्या आधीचा एक बाण, गरम न होता मारलेला. त्यातले आकडे कुणाला दाखवण्यासारखे नाहीत. सरांनी परवा बोट ठेवून विचारलं, हे काय मध्येच? म्हणलं, वाऱ्याचं आहे.